थोडेच करा, पण कोणाला विचारून?

धारवाडहून गोव्याकडे निघालात की शहर मागे पडता पडता केलगेरीचे तळे लागते. रस्त्याचे नावच तिथे ‘गोवा रोड’. पुढे अळनावर, लोंढा, रामनगर, मग अनमोडचा घाट आणि मोले. ही वाट आमच्यापैकी कितीतरी जणांच्या पायाखालची आहे. कोणी कर्नाटक विद्यापीठात शिकला, कोणाची सोयरीक हुबळी-धारवाडात झाली, कोणी नुसताच गाणे ऐकायला म्हणून गेला आणि त्या गावाच्या प्रेमात पडला. काहीही असो, केलगेरी येईपर्यंत गाडीत पेढ्यांचे पुडे चढलेले असतातच. ते नसतील तर घरात शिरताना आधी त्याचाच जाब द्यावा लागतो!

धारवाडी पेढ्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून प्लेगच्या साथीमुळे बाहेर पडलेले ठाकूर कुटुंब धारवाडला स्थिरावले आणि लाइन बाजारात पेढे करून विकू लागले. खवा चांगला तपकिरी होईपर्यंत परतायचा, साखर घालायची, गोळे करून पिठीसाखरेत घोळवायचे. सांगायला दोन ओळींत संपते; जमायला पिढ्या गेल्या. पुढे या पेढ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ठाकुरांच्या दुकानाचे नाव पेढ्याशीच जोडलेले राहिले आणि लोक रांगा लावत राहिले. त्याच गावात मिश्रांनी दुसरी वाट धरली. पेढ्याबरोबर इतर मिठाया, फरसाण, गावोगावी दुकाने. दोन्ही वाटा चालल्या, दोघांचेही गिऱ्हाईक आहे. तेव्हा ‘एकच करावे’ हा काही व्यापाराचा वेदमंत्र नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

हे सगळे आठवायचे कारण वेगळेच आहे. गेली पंचवीस-तीस वर्षे संगणकाच्या दुनियेतल्या बलाढ्य कंपन्या अधूनमधून अशीच ठाकुरी भाषा बोलतात. आम्ही फार पसरलो, आता आवरते घेणार, थोडीच उत्पादने ठेवणार पण ती उत्तम करणार, असे त्या सांगतात. ऐकायला छान वाटते. मलाही वाटते. आपल्याकडे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण काय उगाच आली? पण या पेढ्याच्या दुकानात आणि त्या कंपन्यांत एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

या पंथाचा आद्य दाखला म्हणजे ॲपल. १९९७ साली स्टीव्ह जॉब्ज कंपनीत परतला तेव्हा कंपनी बुडीत निघाली होती. त्या वर्षीचा तोटा सुमारे एक अब्ज डॉलर. एकाच संगणकाच्या इतक्या आवृत्त्या बाजारात होत्या की कोणती कोणासाठी हे विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हते. जॉब्जने चार चौकोन काढले : घरच्यांसाठी, व्यावसायिकांसाठी; टेबलावरचा, हातात नेण्याचा. चौकटीत जे बसेल ते ठेवले, बाकीचे काढून टाकले. न्यूटन नावाचे हातात धरायचे यंत्र १९९८ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी कंपनी नफ्यात आली. तेव्हापासून जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी वाचली जाते.

मग २०११ मध्ये लॅरी पेज गूगलचा मुख्य झाला आणि तिथेही छाटणी सुरू झाली. नवनव्या कल्पनांची प्रयोगशाळा म्हणून चाललेले ‘गूगल लॅब्ज’ त्याच वर्षी मोडीत निघाले. २०१३ च्या जुलैत रीडर गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरात आयगूगल. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट. २०१६ मध्ये पिकासा. नंतर खुद्द पेजच्या काळात ज्याच्यासाठी एवढी धावाधाव झाली ते गूगल प्लससुद्धा एप्रिल २०१९ मध्ये गेले. याहूचे जिओसिटीज २००९ मध्येच मिटले होते. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात कायमचे बंद झाले. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतलेला स्काइप ५ मे २०२५ ला थांबवला. त्यांच्याकडे टीम्स होते, दोन कशाला हवेत?

एकेक नाव वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे काहीतरी आले असेल. इंग्लंडात किंवा पोर्तुगालात गेलेल्या लेकाशी दर रविवारी स्काइपवर बोलणारी आई आमच्या प्रत्येक वाड्यावर होती. ऑर्कुटवर गावांच्या, देवळांच्या, शाळांच्या, नाट्यसंगीताच्या मंडळ्या भरत. तिथे मराठीत तावातावाने वाद घालणारे लोक आज कुठे आहेत देव जाणे. याहू ग्रुप्सवर कविता, गझल, पाककृती, कुळांच्या वंशावळी असे काय काय जमा झाले होते. ऑर्कुट बंद करताना गूगलने आपापला मजकूर उतरवून घ्यायला मुदत दिली होती, सार्वजनिक चर्चांचा संग्रह काही काळ वाचायला ठेवला होता. पुढे तोही काढून घेतला. मुदत दिली हे खरेच. पण ज्यांनी ते लिहिले त्यांतले कित्येक तोवर दुसरीकडे गेले होते, काही जग सोडून गेले होते. मुदतीची नोटीस कोणी वाचायची?

ठाकुरांच्या दुकानाने उद्या एखादी मिठाई करणे बंद केले तर माझ्या घरातले काही उचलून नेले जात नाही. फार तर मी हळहळेन. पण या कंपन्यांनी आधी अंगण मोठे केले, लोकांना फुकट जागा दिली, या, बसा, तुमचे फोटो ठेवा, तुमची पत्रे ठेवा म्हटले. लोक राहायला आले. मग एके दिवशी मालकाने ठरवले की घरे जास्त झाली, आता चारच नीट ठेवू. घरमालकाच्या दृष्टीने ही शिस्त, भाडेकऱ्याच्या दृष्टीने? (भाडे दिले नव्हते, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. भाडे दिले होते हो. आपण काय वाचतो, काय शोधतो, कोणाशी बोलतो हे सगळे पाहू दिले, त्यावर जाहिराती विकू दिल्या. फुकट कोणीच कोणाला काही देत नाही, हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या बाईलाही कळते.)

आता जरा घरचे उदाहरण घेऊ, कारण ॲपल-गूगल म्हटले की ते फार दूरचे वाटते. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटो आहे. पियाजिओचा परवाना संपल्यावर १९७२ मध्ये त्यांनी चेतक आणली आणि पुढची पंचवीस वर्षे या देशातल्या मध्यमवर्गाने चेतकची वाट पाहिली. अक्षरशः वाट पाहिली. परमिट राजात स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि नंबर आलेली स्कूटर लग्नात हुंड्यासारखी मिरवली जाई. नवरा, बायको, पुढे उभा मुलगा, बायकोच्या मांडीवर मुलगी आणि पायाशी गॅसचा सिलिंडर, हे चित्र पणजी-फोंड्यापासून धारवाडपर्यंत सगळीकडे सारखेच होते. टीव्हीवरच्या त्या जाहिरातीचे सूर आजही कोणी गुणगुणले तर पन्नाशीतला माणूस थबकतो.

२००१ मध्ये त्यांची पल्सर आली आणि चालली. राजीव बजाज २००५ मध्ये व्यवस्थापकीय संचालक झाले. त्यांचे मत पक्के होते : कंपनीने एकच गोष्ट करावी, ती म्हणजे मोटरसायकल, आणि तीही जगाच्या तोडीची. २००९ च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केले की बजाज स्कूटरमधून बाहेर पडणार. वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटले हे लपवले नाही. ज्या स्कूटरने घराणे उभे केले ती स्कूटर मुलगा बंद करतो आणि बाप जाहीरपणे नाराजी सांगतो, असा प्रसंग आपल्या उद्योगजगतात विरळाच.

कोण बरोबर होते? हिशेबाने पाहिले तर मुलगा. बजाजचा नफ्याचा दर या धंद्यात वरच्या क्रमांकाचा राहिला, मोटरसायकली सत्तरहून अधिक देशांत गेल्या आणि २०२१ च्या जानेवारीत कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. पण आता आमच्या रस्त्यावर या. बजाज बाहेर पडली त्यानंतरच्या दहा वर्षांत गोव्याचे रस्ते कशाने भरले? बिनगिअरच्या स्कूटरने. होंडाची ॲक्टिव्हा २००० साली आली होती. शिक्षिका, बँकेतल्या मुली, मासळी बाजाराला जाणारे निवृत्त मास्तर, कळंगुटच्या वाटेवर काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी घेऊन रस्ता चुकणारे पर्यटक, सगळे स्कूटरवर. मोटरसायकल हे मुख्यतः पुरुषांचे वाहन. स्कूटरने बायकांना रस्त्यावर आणले. ते मोठे सामाजिक स्थित्यंतर होते आणि ज्या मराठी मुलखातल्या कंपनीचे नावच स्कूटर म्हणून घेतले जाई ती त्या वेळी तिथे नव्हती. शेवटी चेतक परत आली ती २०२० च्या जानेवारीत, विजेवर चालणारी. राहुल बजाज २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. चेतकचे नाव पुन्हा रस्त्यावर आलेले त्यांना पाहता आले.

म्हणजे छाटणी बरोबर होती की चूक? माझे मत विचाराल तर निर्णय कंपनीसाठी बरोबर आणि तरीही अपुरा होता. चेतक जुनी झाली होती, ती जायलाच हवी होती. पण ‘आम्ही काय उत्तम करतो’ हा प्रश्न विचारताना ‘लोक उद्या कशावर बसणार’ हा प्रश्न मागे पडला. नेम धरताना एक डोळा मिटावा लागतो, त्यात चूक काही नाही. फक्त मिटलेल्या डोळ्याच्या बाजूला कोण उभे आहे ते दिसत नाही.

एकाच गोष्टीला वाहून घेण्याचा धोका काय असतो हे पाहायचे तर पुन्हा हुबळी-धारवाडातच यावे लागेल. हुबळीला बेंगेरी म्हणून भाग आहे. तिथे कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ, १९५७ च्या १ नोव्हेंबरला स्थापन झालेला. भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राने राष्ट्रध्वज करणारे केंद्र म्हणून त्याचे नाव अनेक वर्षे देशभर एकमेव म्हणून घेतले गेले. (आपल्या मराठवाड्यात नांदेडलाही खादीचे ध्वज होतात.) धारवाड तालुक्यातले गरग हे गावही ध्वजाच्या खादीसाठी ओळखले जाते. बेंगेरीत काम करणाऱ्यांत बायका जास्त. ध्वजाचे ठरलेले नऊ आकार आहेत. सर्वांत मोठा एकवीस फूट बाय चौदा, सर्वांत लहान सहा इंच बाय चार. सुताची जाडी, रंगाची छटा, शिलाईचे टाके, चोवीस आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंनी नेमके एकमेकांवर येणे, सगळ्याला माप आहे आणि मापात न बसलेला ध्वज बाद होतो. ‘थोडे पण उत्तम’ याचे याहून शुद्ध उदाहरण मला माहीत नाही.

आणि काय झाले? ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. यंत्रावर केलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालेल असे ठरले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम आली. ज्या वर्षी देशात ध्वजांची मागणी कधी नव्हती एवढी होती, त्याच वर्षी बेंगेरीच्या खादी ध्वजांच्या धंद्याला फटका बसला. संघाने उघडपणे निषेध केला. पॉलिएस्टर स्वस्त, पटकन होते, गल्लीगल्लीत पोचते. सरकारचे म्हणणे मला समजते. प्रत्येक घराला खादीचा ध्वज पुरवणे त्या बायकांच्या हातांना शक्यच नव्हते. पण इतकी वर्षे ज्यांना सांगितले की तुम्ही हेच करा, असेच करा, मापात करा, त्यांच्यासाठी नियम बदलताना दुसरी काही तजवीज करायला हवी होती की नको? ॲपलचा चौकोन चुकला असता तर तिजोरीत पैसे होते, दुसरा चौकोन काढता आला असता. बेंगेरीच्या बाईकडे दुसरा चौकोन कुठला? एकाग्रता ही बलवानाला परवडणारी चैन आहे, दुर्बळाला ती बहुधा नाइलाजाने स्वीकारावी लागते.

याच नजरेने मला आपल्या भाषेचा विचार करावासा वाटतो. छाटणी करणारा शेवटी माणसे मोजतो. किती लोक वापरतात? वाढताहेत की घटताहेत? त्या मोजणीत गोव्यातला मराठी वाचक कुठे बसतो? राज्य चिमुकले, त्यात मराठी वाचणारे, त्यात संगणकावर वाचणारे. जगाच्या मोजणीत तो पूर्णांकानंतरच्या कुठल्यातरी आकड्यात हरवणार. ऑर्कुट भारतात आणि ब्राझीलमध्ये भरभराटीला होते. तरीही मोजणीत हरले, कारण मोजणारे वेगळ्याच तराजूने मोजत होते. कोट्यवधींचे असे, तर आपले काय?

मराठीतून संगणकावर लिहिणे ज्यांनी सुरुवातीच्या काळात केले त्यांना ‘बरहा’ आठवेल. बरहा म्हणजे कन्नडमध्ये लिखाण. एका कन्नड तंत्रज्ञाने १९९८ मध्ये मुख्यतः कन्नडसाठी केलेले हे साधन. पण त्यात देवनागरीही टाइप करता येई, आणि मराठी, कोकणी लिहिणाऱ्या कितीतरी लोकांनी आपले पहिले युनिकोड वाक्य त्यावर उमटवले. सीमाप्रश्नावर दोन्हीकडचे पुढारी गळा काढत असताना इकडे आम्ही कन्नड साधनावर मराठी लिहीत होतो, ही गंमत त्या वेळी फार कोणाच्या लक्षात आली नाही. मग गूगलचे विंडोजवर बसवता येणारे इनपुट टूल आले. फुकट, सोपे. लोक तिकडे वळले. आणि काही वर्षांनी गूगलने ते उतरवून घ्यायला ठेवणेच बंद केले. ज्यांच्या संगणकात आधीच होते ते जुनी फाइल एकमेकांना पाठवू लागले, जणू सोवळ्यातले लोणचे!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसते रडगाणे होईल. ज्या वर्षी रीडर बंद झाला त्याच २०१३ मध्ये गूगलच्या भाषांतरात मराठी आली. २०२२ मध्ये तिथे कोकणी आली. मोबाइलवरच्या गूगलच्या कळफलकात मराठी लिहिता येते, बोललेले उमटते. म्हणजे उत्पादने कमी झाली, पण उरलेल्या एकेका उत्पादनात भाषा वाढल्या. शंभर ठिकाणी अर्धवट मराठी असण्यापेक्षा चार ठिकाणी पुरी मराठी असणे मला केव्हाही मान्य आहे. कंपन्यांनी आवरते घेतले म्हणून मी त्यांना शिव्या देणार नाही. तिथे ठाकुरांचा न्याय लावायला मी तयार आहे.

पण मग ठाकुरांचा न्याय पुरता लावा. पेढा तपकिरी होईपर्यंत परतावा लागतो, अर्ध्यात उतरवला तर तो पेढा होत नाही. आमच्या ‘ळ’ला यंत्र अजून अडखळते. गोव्यातल्या मराठीत सहज येणारे ‘वाडो’, ‘पोदेर’, ‘तिस्क’, ‘मांड’ असे शब्द दिसले की ते चूक समजून भलतेच काही सुचवते. देवळाचे नाव लिहावे आणि त्याने दुरुस्त करून पुण्याच्या पेठेचे करावे, हे मी रोज सोसतो. थोडेच करणार असाल तर त्या थोडक्यात आम्ही असलो पाहिजे, आणि अर्धेकच्चे नको.

दुसरे, बंद करायचे तर करा, पण ठेव परत द्या, आणि ती वाचता येईल अशी द्या. सहा महिन्यांच्या नोटिशीने भागत नाही. आपल्याकडे देवस्थानेसुद्धा जुने दागिने मोडताना महाजनांची सभा बोलावतात, नोंद करतात. ऑर्कुटवरच्या एका गावच्या मंडळीत जत्रेच्या कालोत्सवाची, जुन्या दशावतारी पात्रांची, कोणत्या घरचा मान कोणता याची जी चर्चा झाली होती ती कुठल्या पुस्तकात नाही. ती गोव्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला देता आली असती. एका डिस्कवर मावली असती.

आणि आपणही थोडे शहाणे व्हायला हरकत नाही. लिहिलेले सगळे एकाच कंपनीच्या माडीवर ठेवू नये. मी आता दर संक्रांतीला वर्षभराचे लिखाण साध्या युनिकोड मजकुरात उतरवून दोन ठिकाणी ठेवतो, आणि निवडक काही चक्क कागदावर छापून घेतो. घरचे हसतात. कपाटात वाळवी लागेल म्हणतात. लागू दे, वाळवीशी झुंजायचा अनुभव आम्हा गोवेकरांना चारशे वर्षांचा आहे.